उरल्यासुरल्या लोकरीचे पांघरूण

स्वेटर विणायला घेतला की लोकर नेमकी पुरेल तेवढीच आणणारी बाई विरळाच. त्याला कारणही तसेच आहे. लोकर गिरणीत टप्प्याटप्प्याने रंगवली जाते आणि एका खेपेचा निळा दुसऱ्या खेपेच्या निळ्याशी तंतोतंत जुळेलच असे नसते. म्हणून गुंड्याच्या वेष्टनावर रंगाच्या क्रमांकाशेजारी लॉटचाही क्रमांक छापलेला असतो. एक बाही बाकी असताना लोकर संपली आणि दुकानात तो लॉट उरला नसला, तर नव्या गुंड्याची बाही उन्हात लगेच वेगळी दिसते. त्यामुळे जाणती बाई एखादा गुंडा जास्तीचाच आणते. स्वेटर पुरा होतो, अर्धा गुंडा उरतो आणि पिशवीत जातो. पुढे तिथेच बाळाच्या टोपड्याची गुलाबी लोकर येते, मफलरची करडी येते, मोज्यांची तपकिरी येते. काही वर्षांत त्या घराने अंगावर घातलेल्या लोकरीच्या प्रत्येक कपड्याचा नमुना पिशवीत जमा झालेला असतो.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये या पिशवीतून एक ठरावीक वस्तू जन्माला येत आली आहे. तळहाताएवढे रंगीबेरंगी चौकोन, प्रत्येकाच्या मध्यभागी फुलासारखे काहीतरी, भोवती पुष्कळदा काळी किनार आणि असे पन्नास, ऐंशी, शंभर चौकोन एकमेकांना जोडून झालेले क्रोशाचे ब्लँकेट. त्या चौकोनाला तिकडे ‘ग्रॅनी स्क्वेअर’ म्हणतात आणि अशा पांघरुणाला अमेरिकेत ‘अफगाण’ असे नाव आहे. आजीने विणायचे, आईने वापरायचे आणि नातीने सांभाळायचे, असा त्याचा प्रवास असंख्य घरांत झालेला आहे. ‘रोझॅन’ या 1988 साली सुरू झालेल्या अमेरिकी मालिकेत एका कष्टकरी कुटुंबाच्या दिवाणखान्यातल्या सोफ्यावर असेच एक ब्लँकेट कायम पसरलेले असे. ते पाहिल्यावर हे घर कोणत्या माणसांचे आहे, हे अमेरिकी प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नसे.

उरलेल्या लोकरीतून हाच आकार का निघाला, हे विणकामाच्या रीतीतच दडलेले आहे. दोन सुयांच्या विणकामात एका ओळीचे सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात. सुई निसटली तर सगळीच ओळ धोक्यात येते. क्रोशात सुई एकच, टोकाला आकडा असलेली, आणि तिच्यावर बहुतेक वेळ एकच टाका जिवंत असतो. बाकीचे सगळे आधीच गुंतून पक्के झालेले असतात. म्हणून क्रोशा कुठेही थांबवता येतो, कुठूनही वळवता येतो आणि मध्यबिंदूपासून बाहेर गोलगोल वाढवता येतो.

चौकोनाची सुरुवात चार-सहा साखळ्यांच्या एका छोट्या कड्याने होते. त्या कड्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उंच टाक्यांचे, चार पुंजके घालायचे आणि पुंजक्यांच्या मध्ये साखळ्या सोडायच्या. त्या साखळ्या म्हणजे चार कोपरे. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात दोन पुंजके घालायचे म्हणजे कोपरा वळतो. त्यापुढच्या फेऱ्यांत बाजूंच्या फटींमध्ये एकेक पुंजका वाढत जातो. पहिल्या फेरीत 4 पुंजके, दुसरीत 8, तिसरीत 12, चौथीत 16. म्हणजे चार फेऱ्यांच्या एका चौकोनात 40 पुंजके, म्हणजेच 120 खांब झाले. आठ गुणिले दहा असे 80 चौकोन धरले, तर एका ब्लँकेटसाठी 9,600 खांब सुईवरून काढावे लागतात. चौकोन जोडण्याचे आणि भोवतीच्या किनारीचे काम त्याशिवाय.

उरलेल्या लोकरीचे गणित इथे चपखल बसते. पहिल्या फेरीला लोकर अगदी थोडी लागते, शेवटच्या फेरीला तिच्या काही पट. अगदी लहान तुकडा मध्यभागी खपतो, जरा मोठा दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, आणि किनारीसाठी मात्र एकच रंग मुद्दाम विकत आणायचा. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. आत कितीही विजोड रंग शेजारी आलेले असोत, प्रत्येकाभोवती एकाच रंगाची चौकट आली की सगळे एका घरचे दिसू लागतात. काळ्या किनारीची चाल इतकी टिकली ती यामुळेच. शिवाय प्रत्येक चौकोन सुटा असल्याने तो पिशवीत टाकून बाहेर नेता येतो. पूर्ण होत आलेले ब्लँकेट मांडीवर घेऊन बसच्या थांब्यावर कोणी बसू शकत नाही, चौकोन विणत मात्र बसता येते.

या कामाचा कंटाळवाणा भागही सांगायला हवा. फेरीगणिक रंग बदलला की दोऱ्याची दोन टोके लोंबत राहतात. चार रंगांच्या एका चौकोनाला आठ टोके, म्हणजे 80 चौकोनांना 640. यातले प्रत्येक टोक जाड सुईने टाक्यांच्या आत उलटसुलट फिरवून दडवावे लागते. नुसती गाठ मारून कात्री लावली, तर काही धुण्यांतच गाठ सुटते आणि चौकोन मधूनच उलगडू लागतो. पन्नास वर्षे टिकलेले ब्लँकेट आणि पाच वर्षांत फाटलेले ब्लँकेट यांतला फरक पुष्कळदा लोकरीच्या दर्जाइतकाच या टोके दडवण्याच्या चिकाटीत असतो.

क्रोशाबद्दल आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. दोन सुयांचे विणकाम यंत्राने होते, बाजारातले बहुतेक स्वेटर तसेच येतात. खऱ्या क्रोशाचे टाके घालून कारखान्यात घाऊक माल काढणारे यंत्र मात्र आजही नाही. त्यामुळे क्रोशाचा चौकोन कुठेही दिसला, अगदी स्वस्त दुकानात दिसला, तरी तो कुणाच्या तरी हातांनी घातलेला असतो, हे खात्रीने समजावे.

तुकडे वेगवेगळे विणून मग जोडण्याची युक्ती क्रोशात जुनी आहे. आयर्लंडमध्ये 1845 साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला, तेव्हा कॉर्क शहराजवळच्या उर्सुलाइन जोगिणींच्या मठात मुलींना क्रोशा शिकवला जात होता. मोनॅहन परगण्यातल्या क्लोन्स गावात तिथल्या धर्मगुरूंची पत्नी कॅसांड्रा हँड यांनी 1847 मध्ये हे काम गरीब घरांतल्या बायकांपर्यंत नेले. एकीने गुलाब करायचा, दुसरीने पान, तिसरीने ते जाळीत बसवायचे, अशी कामाची वाटणी असे. पातळ सुती दोऱ्याच्या त्या नाजूक लेसवर दुष्काळातल्या अनेक कुटुंबांनी दिवस काढले. ब्लँकेटचा चौकोन थेट तिथूनच निघाला असे म्हणता येत नाही, पण सुटे तुकडे करून मग जोडण्याची रीत तीच.

चौकोनाचा सध्या माहीत असलेला सर्वांत जुना छापील उल्लेख 1885 सालचा आहे, आणि तो ‘प्रेअरी फार्मर’ या शिकागोच्या शेतीविषयक नियतकालिकात आला आहे. पिके, जनावरे, अवजारे यांच्या माहितीबरोबर शेतकरी घरातल्या बायकांसाठी ही कृती छापली गेली. लोकरीचा लहानसा तुकडाही वाया जाऊ न देणाऱ्या घरांसाठीच ती होती.

पुढे या ब्लँकेटचे दिवस आले ते टंचाईच्या काळात. अमेरिकेत 1930 च्या दशकात मंदीने घरोघर पैशाची ओढाताण झाली आणि जुने कपडे उसवून नवे विणणे सर्वत्र सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशनिंग लावले. प्रौढ माणसाला पहिल्या वर्षी 66 कूपने मिळत. विणायच्या लोकरीलाही कूपन लागे, दोन औंसांना एक. अशा वेळी कोपर फाटलेल्या जुन्या स्वेटरमधून निघणारी लोकर कुणी टाकून देणे शक्यच नव्हते. स्वेटर उसवायचा, लोकरीची लड करायची, ती भिजवून खाली वजन टांगून वाळवायची म्हणजे वेटोळे सरळ होते. ही युक्ती आपल्याकडच्या मागच्या पिढीच्या बायकांनाही चांगली ठाऊक आहे. ब्रिटिश सरकारने 1943 मध्ये ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढून जुन्याचे नवे कसे करावे हे लोकांना शिकवले. कपड्यांचे रेशनिंग 1949 पर्यंत चालले. तेव्हाच्या चौकोनांमध्ये एकाच फेरीत मधूनच रंग बदललेला दिसतो. त्याचा अर्थ सरळ आहे, तो धागा तिथे संपला.

मग अॅक्रिलिक आले. ड्यूपाँट कंपनीने ‘ऑर्लॉन’ हा कृत्रिम धागा 1941 मध्ये शोधला आणि 1950 मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. हा धागा स्वस्त होता, भडक रंग छान घेई आणि यंत्रात धुता येई. 1960 आणि 70 च्या दशकांत क्रोशाची जी मोठी लाट आली, ती बहुतांशी याच धाग्यावर. नारिंगी, मोहरी-पिवळा, शेवाळी हिरवा आणि तपकिरी असे रंग एकत्र दिसले की जाणकार माणूस ब्लँकेट 1970 च्या दशकाच्या आसपासचे असावे असा अंदाज बांधतो.

घरातले जुने ब्लँकेट असे वाचता येते, आणि त्यासाठी जाणकारच हवा असेही नाही. दडवलेल्या टोकातला अर्धा इंच धागा कापून चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर जाळून पाहावा. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास देते, ज्योत बाजूला केली की विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. अॅक्रिलिक वितळते, काळा धूर सोडते आणि त्याची कडक गोळी उरते. धागा अॅक्रिलिक निघाला तर ब्लँकेटचा तो भाग 1950 च्या आधीचा असणे शक्य नाही, मग घरातली आख्यायिका काहीही सांगो. उलट एकाच ब्लँकेटमध्ये दोन्ही धागे सापडले, तर ते जुन्या पिशवीतून निघाले किंवा पुढच्या पिढीने दुरुस्त केले, असा तर्क करता येतो.

हातही ओळखता येतात. कुणी दोरा आवळून धरते, कुणी सैल सोडते. त्यामुळे एकाच कृतीचे दोन बायकांचे चौकोन शेजारी ठेवले तर मापात चांगला फरक पडतो. उजव्या हाताने विणणारीची फेरी घड्याळाच्या उलट दिशेने जाते आणि डावखुऱ्या बाईची घड्याळाच्या दिशेने. सुलट बाजू वर ठेवून टाक्यांचा कल पाहिला की हे कळते. बहिणी-बहिणींनी किंवा मायलेकींनी मिळून केलेल्या ब्लँकेटमध्ये कुणाचे चौकोन कुठे आहेत, हे असे कित्येक वर्षांनीही शोधता येते. दुकानातून आणलेले कोणतेही पांघरूण एवढे बोलत नाही.

मराठी घरात याचे सख्खे नाते गोधडीशी आहे. आजीचे लुगडे, आईची साडी, बाबांचे धोतर यांचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवले जातात, तसे इथे सगळ्यांच्या स्वेटरांचे उरलेले धागे एकत्र येतात. आपल्या हवेत लोकरीच्या मोठ्या ब्लँकेटची गरज कमीच, त्यामुळे क्रोशा इथे रमला तो ताटावरच्या रुमालांत, तोरणांत, रेडिओ आणि टीव्हीवरच्या झाकणांत, बाळाच्या टोपड्यांत. लोकर घरात होतीच. 1962 च्या चीन युद्धात जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर विणले, ही आठवण अजून पुष्कळ घरांत सांगितली जाते. आज आपल्या बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे अॅक्रिलिकचे असतात, ही गोष्ट ब्लँकेट करू पाहणाऱ्यांनी आधी समजून घ्यावी. ती पुढे धुण्याच्या वेळी फार उपयोगी पडते.

कारण खऱ्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात घुसळले की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून नमद्यासारखे घट्ट होते. अॅक्रिलिक आटत नाही. दोन्ही धागे एका ब्लँकेटमध्ये असतील आणि ते गरम पाण्यात गेले, तर लोकरीचे चौकोन आक्रसतात, अॅक्रिलिकचे तसेच राहतात आणि सगळे पांघरूण सुरकुतून जाते. हे नुकसान भरून येत नाही. म्हणून जुने ब्लँकेट गार पाण्यातच धुवावे, साबण सौम्य असावा. रिठ्याचे पाणी यासाठी उत्तम. त्याआधी गडद लाल-काळ्या भागावर ओले पांढरे फडके दाबून रंग जातो का ते पाहावे. पिळू नये, मोठ्या पंच्यात गुंडाळून दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टांगले की पाण्याच्या वजनाने टाके लांबतात. अॅक्रिलिकला गरम इस्त्री लावली तर धागा वितळून चपटा होतो, तेव्हा इस्त्री नकोच.

लोकरीला कसर लागते. तिच्या अळ्या लोकरीतले केराटिन खातात. अॅक्रिलिकमध्ये केराटिन नसल्याने त्यावर त्यांचे पोट भरत नाही. कसर लागल्याची शंका आली तर ब्लँकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. वस्त्रे जतन करणाऱ्या संस्थाही हीच रीत वापरतात. आपल्याकडे मात्र पहिली आठवण होते डांबराच्या गोळ्यांची, आणि इथे एक गंभीर सूचना आवश्यक आहे. या गोळ्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात आणि कावीळ विकोपाला जाऊ शकते. पणजीचे ब्लँकेट बारशाच्या दिवशी बाहेर काढून बाळाला त्यात गुंडाळण्याची हौस कुणालाही असेल. ते डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असेल, तर तसे करू नये.

दुरुस्तीच्या बाबतीत हे पांघरूण फार उदार आहे. एखादा चौकोन फाटला तर त्याच्या भोवतीची जोडशिलाई तेवढी उसवायची, चौकोन काढायचा, त्याच मापाचा नवा विणायचा आणि जागी बसवायचा. रंग जुळलाच पाहिजे असेही नाही, कारण मुळात तिथे काही जुळवलेले नव्हतेच. नातीने घातलेला नवा चौकोन वेगळा दिसतो आणि तो तसाच दिसू द्यावा. तिच्याही काळातली लोकर त्यात आली, हे चांगलेच झाले.

पुष्कळदा मात्र ब्लँकेट पूर्ण होण्याआधीच विणणारी जाते. कपाटात पस्तीस चौकोन सापडतात, सुई अडकवलेला छत्तिसावा सापडतो आणि घरात क्रोशा कुणालाच येत नाही. अमेरिकेत जेन सिमोनिक आणि मेसी कॅप्लन या मैत्रिणींनी 2022 मध्ये यासाठीच ‘लूज एंड्स’ हा उपक्रम सुरू केला. निवर्तलेल्या किंवा आजारामुळे हात चालेनासे झालेल्या माणसाचे अर्धवट विणकाम-शिवणकाम घरच्यांनी कळवायचे आणि जवळपास राहणाऱ्या स्वयंसेवकाने ते मोफत पुरे करून परत द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. आज अनेक देशांतले हजारो लोक त्यात आहेत. एका अनोळखी बाईने दुसऱ्या अनोळखी बाईचा टाका जिथे थांबला तिथून उचलून पुढे न्यावा, यापेक्षा मोठा सन्मान त्या अर्धवट कामाला मिळणे कठीण.

चौकोन जोडत जाण्याची ताकद किती, हे दक्षिण आफ्रिकेने आणि भारताने दाखवून दिले आहे. नेल्सन मंडेला यांच्या 67 वर्षांच्या सार्वजनिक कार्याच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या ‘67 ब्लँकेट्स’ या उपक्रमात 2015 च्या एप्रिलमध्ये प्रिटोरियात 3,377 चौरस मीटरचे ब्लँकेट पसरले गेले. पुढच्याच वर्षी, 31 जानेवारी 2016 रोजी, सुबश्री नटराजन यांनी उभ्या केलेल्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या भारतीय गटाने चेन्नईत 11,148.5 चौरस मीटरचे क्रोशाचे ब्लँकेट सादर करून गिनीज विक्रम केला. हे क्षेत्र जवळजवळ पावणेतीन एकर होते. हजाराहून अधिक बायकांनी आपापल्या घरी विणलेले तुकडे तिथे एकत्र आले होते.

विक्रमाच्या ब्लँकेटची नोंद होते, घरातल्याची होत नाही. बहुतेक जुन्या पांघरुणांवर विणणारीचे नाव कुठेच नसते, आणि दोन पिढ्यांत ‘कुणीतरी केलेले’ एवढेच उरते. तुमच्या घरात असे ब्लँकेट, गोधडी किंवा क्रोशाचा रुमाल असेल, तर सुती फितीचा एक तुकडा घ्या, त्यावर न जाणाऱ्या शाईने किंवा दोऱ्याने करणारीचे नाव, गाव आणि अंदाजे साल लिहा आणि मागच्या कोपऱ्याला टाचून टाका. कोणता रंग कुणाच्या स्वेटरमधला, हे सांगणारे माणूस घरात अजून असेल, तर तेही आजच विचारून घ्या.